अप्पांचा हप्ता

घर विकत घेणाऱ्या माणसांना मी आयुष्यातली निम्मी वर्षं मनातल्या मनात हसत आले. त्याला कारण माझे वडील. ते रेल्वेत होते, मुदखेड जंक्शनवर. आमचा जन्म क्वार्टरमधला, बाळसं क्वार्टरमधलं, शहाणपणही क्वार्टरमधलंच. कौल फुटलं तर रेल्वे बसवणार, नळ गळला तर रेल्वे बघणार, आणि बदली झाली की चार ट्रंका नि एक लोखंडी पलंग मालडब्यात टाकून आम्ही पुढच्या क्वार्टरमध्ये. घर म्हणजे सामान उतरवायची जागा, असं वडील म्हणत. "घर पाहावं बांधून" ही म्हण तर मी लहानपणापासून धोक्याची सूचना म्हणूनच वाचत होते.

लग्न झालं तेही मोजणी खात्यातल्या माणसाशी. आमचे हे सर्व्हेअर. दिवसभर दुसऱ्यांच्या जमिनीत साखळी ओढायची, भावाभावांच्या बांधावर उन्हात उभं राहायचं, कुणाची हद्द कुठं संपते ते कागदावर काढून द्यायचं आणि संध्याकाळी भाड्याच्या खोलीत येऊन जेवायचं. अर्धा तालुका मोजलेल्या माणसाच्या नावावर तुळशीवृंदावनाएवढी जागा नव्हती. मी त्यांना दिव्याखाली अंधार म्हणून चिडवायची. ते हसायचे. कमी बोलणारा माणूस, भांडण तर दिवसभर एवढं ऐकायचे की घरी आल्यावर त्यांना ते नकोच असायचं.

लग्नानंतर बिलोलीला सहा वर्षं काढली, मी तिथल्या शाळेत बाई होते, आणि मग आमची दोघांची बदली लातूरला झाली. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. गावाला नवीन लग्न झालेल्या मुलीसारखं सगळंच एकदम आलं होतं: साहेब, जीपगाड्या, पाट्या, फायलींचे गठ्ठे. फक्त जागा आली नव्हती. ह्यांचं ऑफिस एका जुन्या गोदामात होतं, शेजारचं खातं कुणाच्या तरी माडीवर, आणि एक कचेरी तर अशा जागी की साहेबांच्या टेबलावर वरच्या बाईंचं धुणं ठिबकायचं. खुद्द जिल्हाच भाड्यानं राहत होता, तिथं आमच्यासारख्यांना कोण विचारतो? बिलोलीत चाळीस रुपयांत मिळायच्या तसल्या खोलीला लोक दोनशे मागत होते, आणि मागताना आमच्याकडे नाही, आमच्या सामानाकडे बघत होते.

अशात अप्पा भेटले. अप्पा मूळचे उदगीरकडचे लिंगायत, गंजात, म्हणजे धान्यबाजारात, अडतीचं दुकान. कपाळाला भस्म, पांढरं धोतर, बोलणं मोजकं. त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आणि एक न्हाणी रिकामी होती. त्यांनी भाडं सांगितलंच नाही. म्हणाले, आमच्याकडं गहाण-घराची रीत हाय. एकरकमी अठरा हजार द्या आणि राहा. तुम्ही भाडं द्यायचं नाही, आम्ही व्याज द्यायचं नाही. ज्या दिवशी मी तुमची रक्कम परत करीन, त्या दिवशी तुम्ही घर खाली करायचं.

नांदेडकडे मी असलं काही ऐकलं नव्हतं. मला तर ही रीत ज्यानं काढली त्याचे पाय धरावेसे वाटले. आमच्याकडे सहा वर्षांची बचत, माझ्या पगाराची थकबाकी आणि ह्यांच्या फंडातून काढलेले थोडे, असे मिळून अठराला थोडे वरच होते. ह्यांनी एकदाच विचारलं, की ह्या पैशात स्वतःचं काही बघायचं का. मी म्हटलं, फुकट राहायला मिळतंय आणि पैसे जिथल्या तिथं, याहून स्वतःचं ते काय असतं? स्टँपाच्या कागदावर चार ओळी लिहिल्या, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या, अप्पांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, शिरा केला आणि आम्ही आत आलो.

मला तो सौदा इतका आवडला की शाळेत नव्या बाई आल्या की मी त्यांना पहिल्या आठवड्यात तो ऐकवायची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी होते, आणि नागोबाला बीळ आवडलंही होतं. अक्कांशी माझं छान जमलं. त्या मला भाकरी थापताना हसायच्या, कारण माझी भाकरी कधी गोल व्हायची नाही. मी त्यांचा पत्रव्यवहार करायची. दोन वर्षं कशी गेली कळलं नाही.

मग पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसऱ्या वर्षीही गेला. शाळेत हातपंपावर पोरींची रांग मैदानाच्या टोकापर्यंत जायची, आणि तिसऱ्या तासाला घागर भरून वर्गात आलेली पोर दिसली तर मी तिला हुशार समजायची. गल्लीत टँकर आला की शिकलेल्या बायका आधी धावायच्या. गंजात तर शुकशुकाट. माल नाही तर अडत कसली? अप्पा दुकान उघडून बसायचे, दुपारी बंद करून यायचे.

आणि नेमक्या त्याच वर्षी आमच्या ह्यांना घर सुचलं. बार्शी रोडच्या पुढं एका माळाची मोजणी ह्यांनीच केली होती. तिथं प्लॉट पाडले होते. दुष्काळ होता म्हणून गिऱ्हाईक नव्हतं, आणि गिऱ्हाईक नव्हतं म्हणून भाव उतरला होता. कोपऱ्यावरचा एक प्लॉट अठरा हजारांत मिळत होता. हे म्हणाले, अप्पांना रक्कम परत मागू. मी म्हटलं, मागून तर बघा.

अप्पांनी ऐकून घेतलं. पान थुंकून आले, चूळ भरली आणि आमच्या उंबऱ्याबाहेर उभे राहूनच बोलले.

"बाई, खोटं कशाला बोलू. एकदम द्यायला न्हाईत. पर बुडवायचा बी न्हाई. महिन्याला तीनशे देतो. एक तारखेला. पाच वर्षांत फिटतो."

ह्यांनी प्लॉटवाल्याला जाऊन विचारलं, तर तोही गरजू. महिन्याला तीनशे घ्यायला तयार, पाच वर्षांनी खरेदीखत. आमच्या ह्यांच्या तोंडावर असा आनंद मी लग्नातही पाहिला नव्हता. इकडून तीनशे येणार, तिकडं तीनशे जाणार, आपल्या खिशाला हातसुद्धा लागणार नाही. पाच वर्षांनी अप्पांचं घर अप्पांना आणि आपलं घर आपल्याला. त्यांनी हे अप्पांनाही सांगितलं. अप्पा म्हणाले, लई चांगलं काम केलं साहेब.

एका रविवारी हे मला सायकलवर डबलसीट घेऊन प्लॉट दाखवायला गेले. आधी डांबरी रस्ता संपला, मग मुरमाचा, मग रस्ता ही कल्पनाच संपली. समोर उघडा माळ, चार बाभळी आणि चुना लावलेले दगड. हे एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत पावलं मोजत गेले आणि म्हणाले, हे स्वयंपाकघर. मग दोन पावलं डावीकडे सरकून म्हणाले, ही बैठक. एका काटेरी झुडपाजवळ जाऊन तर त्यांनी मला आत बोलावलं. मी हद्दीच्या दगडावर बसले आणि पोट धरून हसले. म्हटलं, अहो, इथं पाणी नाही, माणूस नाही, दूधवाला येणार नाही, आणि तुम्ही मला झुडपात बोलावताय. इथं राहायला कोण येणार?

हेही हसले. पण हसताना त्यांनी चुन्याचा हात पँटला पुसला ते मला अजून आठवतं. मी म्हटलं, पाऊस पडू दे, पुढच्या वर्षी बघू. ते बरं म्हणाले. मी नाही म्हटल्यावर ते कधी हट्ट धरत नसत, आणि मला वाटायचं की याचा अर्थ मी बरोबर आहे.

मग त्यांनी एवढंच सुचवलं की अप्पांचा हप्ता आला की तो पोस्टात टाकत जा, म्हणजे पुढच्या वर्षी हाताशी राहील. घरखर्च माझ्या हातात होता, म्हणून हप्ताही माझ्याच हातात येणार होता. मी म्हटलं, टाकते.

एक तारखेला सकाळी आठ वाजता अप्पा हजर. हातात तीनशे रुपये. म्हणायचे, "घ्या बाई, मोजून घ्या." मी मोजायची. गल्लीत याची फार मजा झाली. घरमालक महिन्याच्या महिन्याला भाडेकरूच्या दारात पैसे घेऊन उभा, असं दृश्य कुणी पाहिलेलं नव्हतं. समोरची बाई म्हणाली, तुमच्याकडं घरमालक भाडं देतो म्हणे, आम्हाला पण बघा की असलं घर. मला तर त्या चिडवण्याचाही अभिमान वाटायचा. मी शाळेत ते रंगवून सांगायची.

पहिला हप्ता पाण्याच्या दोन मोठ्या पिंपांना गेला. दुष्काळच होता, ते तर लागणारच. दुसरा टँकरच्या वाटणीला आणि नुकत्याच शाळेत जाऊ लागलेल्या आमच्या मुलीच्या पुस्तकांना गेला. तिसऱ्यापासून पोस्टात टाकायचे असं मी पक्कं ठरवलं होतं, पण तिसऱ्या महिन्यात उन्हाळा इतका पेटला की टेबलफॅन आला. मग वाटलं, वर्ष अर्धं झालंच आहे, आता नव्या वर्षापासून नीट सुरू करू. तीनशे रुपये म्हणजे काय मोठं होतं? अठरा हजार असते तर मी त्याला हात लावला नसता. अठरा हजारांचा वचक असतो. तीनशेचा नसतो. थेंबे थेंबे तळं साचतं म्हणतात, पण थेंबाथेंबानं आलेलं पाणी पिंपात टाकलं नाही तर अंगणातच जिरतं, एवढं दुष्काळात राहूनही मला उमगलं नाही.

पाऊस आला, गंज पुन्हा हलू लागला, पण अप्पांची गाडी तेव्हाच गेली. त्यांच्याकडे एक जुनी मोटरसायकल होती, ती विकून ते गंजात पायी जायला लागले. विचारलं तर म्हणायचे, चाललं की अंग हलकं ऱ्हातंय. मी ह्यांना म्हटलं, बघा, व्यापारी माणूस, पेट्रोलसुद्धा वाचवतो, लई चेंगट.

तिसऱ्या वर्षी आमच्याकडे टीव्ही आला. हप्त्यावर. आणि काय योगायोग, टीव्हीवाल्याचा हप्ताही तीनशेच्या आसपास. एक तारखेला अप्पा द्यायचे, दोन तारखेला मी टीव्हीवाल्याला द्यायची. ह्यांच्या प्लॉटची अख्खी योजना मी तशीच्या तशी वापरली, फक्त प्लॉटच्या जागी टीव्ही. रविवारी सकाळी अक्का आमच्याकडे टीव्ही बघायला यायच्या, पडद्यावर देव दिसला की हात जोडायच्या. टीव्हीनंतर वेताच्या खुर्च्या आल्या. एकदा चार हप्ते साठवले ते तिरुपतीला जाण्यासाठी, आणि मी अक्कांना लाडू आणून दिला तेव्हा मला स्वतःचा फार मोठेपणा वाटला.

ह्या काळात बार्शी रोड पुढं सरकत होता. आधी रस्ता गेला, मग वीज गेली, मग एक दवाखाना, मग पोरांच्या शिकवण्या. आमचा झुडपातला प्लॉट कुणी तरी घेतला, त्यावर घर बांधलं आणि खालच्या मजल्यावर दुकान काढलं. हे मला कधी तिकडून घेऊन गेले नाहीत. मीच एकदा रिक्षातून गेले तेव्हा ओळखलं नाही. विचारल्यावर कळलं की त्या रकमेत आता तिथं प्लॉटचा चौथा हिस्सासुद्धा मिळणार नव्हता. घरी येऊन मी म्हटलं, फुगवलेत भाव, उतरतील. हे म्हणाले, उतरतील की.

आणि मग तो साठावा महिना आला. माझ्या लक्षातही नव्हतं. एक तारखेला आठ वाजता अप्पा आले ते एकटे नाही, अक्कांना घेऊन. अक्का नव्या लुगड्यात, हातात पेढ्यांचा पुडा. हप्ता माझ्या हातावर ठेवून अप्पा म्हणाले, मोजून घ्या, शेवटचे हायेत. मी मोजले. मग मी ट्रंकेतून स्टँपाचा कागद काढून दिला, अप्पांनी तो उभा फाडला, आणि आत येऊन वेताच्या खुर्चीवर आरामात बसले. पाच वर्षांत मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. चहा मागून घेतला. हे खोलीत दाढी करत होते, ते तसेच बाहेर येऊन उभे राहिले.

"फिटलो," अप्पा म्हणाले. "आता सांगा बाई, वास्तुशांती कवा?"

मी म्हटलं, कुठली वास्तुशांती?

"साहेबाच्या प्लॉटवरली. पाच वर्षं हप्ता तिकडंच चाललाय न्हवं?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे टॉवेलकडे बघत होते. अप्पांनी पाच वर्षांत कधी विचारलं नव्हतं, कारण प्लॉट घेतलाय हे आपल्याला ठाऊकच आहे असं त्यांना वाटत होतं. आणि आम्ही कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काय होतं?

मी मान खाली घातली तसं अक्कांना वाटलं की मी लाजतेय. त्या हसून म्हणाल्या, "गाडी इकली तवा मी म्हनले, एखादा महिना मागं-पुढं झाला तर काय व्हतंय? तर हे म्हनले, न्हाई. आपला हप्ता चुकला की बाईचा चुकंल, अन् प्लॉटवाला प्लॉट काढून घेईल."

मला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, आणि जमीनही स्वतःची नव्हती. पाच वर्षं हा माणूस पायी चालत होता ते माझं घर उभं राहावं म्हणून, आणि मी त्याला चेंगट म्हणत होते. माझ्या घराची काळजी जगात एका माणसानं मनापासून केली होती आणि तो माझा घरमालक होता.

"अप्पा," मी म्हटलं, "प्लॉट घेतलाच नाही."

"मग पैसे?" अक्कांनी विचारलं.

अक्कांनी टीव्हीकडे बघितलं, मग ज्या खुर्चीवर अप्पा बसले होते तिच्याकडे बघितलं, आणि पेढ्यांचा पुडा मांडीवरच धरून ठेवला. मला रडू आलं. मी शाळेत पोरींना हिशेब शिकवणारी बाई, आणि घरमालकापुढं पदर तोंडाला लावून रडले.

अप्पांनी चहा पूर्ण संपवला. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. कागदाप्रमाणे त्यांनी घर खाली करा म्हटलं असतं तरी ते बरोबरच होतं. ते उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "पोस्ट उघडलं असंल. चला."

मी विचारलं, कशाला?

"हे तीनशे तरी घराचे ऱ्हाऊ द्या."

आणि खरोखरच ते मला घेऊन पोस्टात गेले, पायी. मी पुढं, ते दोन पावलं मागं. रांगेत माझ्या मागं उभे राहिले. फॉर्मवर माझं नाव मी लिहिलं, साक्षीदाराच्या जागी त्यांनी सही केली, आणि पैसे खिडकीतून आत जाईपर्यंत त्यांनी माझ्या हातावरची नजर काढली नाही. परत येताना म्हणाले, ऱ्हायचं तर ऱ्हावा, पण आता भाडं पडंल. चारशे. मी म्हटलं, अप्पा, चारशे जरा जास्त होतात. ते म्हणाले, जिल्ह्याचं गाव हाय बाई. एक रुपया कमी केला नाही, आणि मला तेही आवडलं.

शाळेतून आल्यावर मी ह्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना, मी पोस्टात काहीच टाकत नाही ते? ते हो म्हणाले. मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, "मला दर महिन्याला वाटायचं, आज तूच म्हणशील."

पुढची आठ वर्षं मी एक तारखेला अप्पांच्या घरी चारशे दिले आणि पोस्टात तीनशे टाकले, आणि दोन्ही एकदाही चुकवले नाहीत. माझ्या पगारातून दोन्ही भागत होते. तेव्हाही भागले असते. शेवटी घर झालं, पण ते बार्शी रोडवर नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला, अर्ध्या जागेत, तिप्पट पैशांत. वास्तुशांतीला अप्पा नव्हते, त्याआधीच्या वर्षी ते गेले. अक्का आल्या. सगळ्या खोल्यांतून फिरल्या, भिंती हात लावून बघितल्या आणि मला म्हणाल्या, "ह्यात आमच्या ह्यांचे किती?"

मी म्हटलं, तीनशे.